काचेवरील वस्तू

१

सन दोन हजार उजाडलं आणि अश्लेषाची नोकरी गेली. अंधेरीतल्या तिच्या कंपनीत जुन्या प्रोग्रॅममधली दोन आकडी सालं चार आकडी करून देण्याचं काम चालायचं. नवं साल काही गडबड न होता सुरू झालं, तसं ते कामच संपलं. मग आचोळ्यातल्या दोन खोल्यांच्या घरात बसून ती लहानसहान प्रोग्रॅम लिहायला लागली. एका दवाखान्यासाठी पेशंटच्या नोंदी, एका वाचनालयासाठी पुस्तकांची यादी. नवरा विघ्नेश सकाळी सातला मुंबईच्या ऑफिसला जायचा. मधला सगळा दिवस तिचा तिला होता.

वाचनालयाच्या बाईंनीच तिचं नाव गिरीज गावच्या रुडॉल्फ सरांना सांगितलं. सर शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले, वय सत्तरीचं. चौतीस वर्षं त्यांनी नाणी जमवली होती. काचबिंदूने त्यांचा उजवा डोळा पूर्ण गेला होता, आणि डाव्याला खिडकी कुठे आहे एवढंच कळायचं. सगळी नाणी त्यांनी शाळेला द्यायचं ठरवलं होतं. सव्वीस जानेवारीला तिथल्या एका खोलीत ती मांडली जाणार होती. त्याआधी प्रत्येक नाण्याची माहिती आणि चित्र कॉम्प्युटरवर चढवायचं होतं.

"मला नाणं हातात घेतलं की कळतं कुठलं ते," सर म्हणाले. "पण माझ्यामागे बघणाऱ्याला दिसायला हवं."

सप्टेंबरमध्ये अश्लेषाने आपला कॉम्प्युटर आणि स्कॅनर रिक्षात घालून गिरीजला नेला. केळीच्या वाडीतलं कौलारू घर. नाण्यांची खोली मागच्या बाजूला होती. एक सागवानी कपाट, त्याला उथळ उथळ खण. एक मोठं टेबल, दोन खुर्च्या. खिडकीतून वाडी दिसायची, आणि वाडीच्या मधोमध एक लांबट रिकामा तुकडा. तिथे काहीच लावलेलं नव्हतं. नुसतं गवत.

पहिले काही आठवडे नोंदींचे गेले. सर नाणं अंगठ्याखाली फिरवायचे आणि सांगायचे. शिवराई, तांबं, केळीच्या आळ्यात सापडली, १९६६. पोर्तुगीजांचं कथलाचं नाणं, किल्ल्याजवळच्या एका कोळणीने दिलं, १९६७. ती टाइप करायची. दुपारी बाराला देवळाची, म्हणजे चर्चची, घंटा वाजली की सर हात थांबवून कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढायचे. त्यांची बायको ग्रेसी चहा आणायची, पण आत यायची नाही. उंबऱ्याबाहेर एका स्टुलावर कप ठेवून निघून जायची.

एक गोष्ट अश्लेषाच्या पहिल्याच दिवशी ध्यानात आली. खणातून नाणं काढून टेबलावर ठेवताना सर अगदी हळू म्हणायचे, "धर."

पहिल्यांदा तिने हात पुढे केला. पण नाणं तिच्याकडे आलंच नाही. सर तिच्या उजवीकडच्या रिकाम्या जागेकडे वळून बोलले होते.

२

ऑक्टोबरात चित्रं घ्यायला सुरुवात झाली. नाणं काचेवर ठेवायचं, झाकण बंद करायचं, की आतला दिवा घरघर करत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचा आणि चित्र पडद्यावर वरून खाली, पट्टीपट्टीने उतरायचं. चित्रातून नाणं नेमकं कापून घ्यायचं काम अश्लेषाने प्रोग्रॅमवरच सोपवलं होतं. पांढऱ्या पार्श्वभूमीवर जे काही वेगळं दिसेल ते प्रोग्रॅम मोजायचा आणि खाली एक ओळ दाखवायचा. ती ओळ तिने स्वतःच्या तपासणीसाठी ठेवली होती.

काचेवरील वस्तू : १

घरी तिने आपल्याच पर्समधल्या रुपयावर ते तपासून पाहिलं होतं. बरोबर चालत होतं.

सरांनी शिवराई चाचपून काचेवर ठेवली. "धर," म्हणाले. तिने झाकण लावलं. दिवा गेला आणि आला.

काचेवरील वस्तू : ५

तिने काच पुसली, पुन्हा घेतलं. पुन्हा पाच. मग तिने न कापलेलं चित्र मोठं करून पाहिलं. मधोमध शिवराई होती. तिच्या कडेला चार फिकट लंबगोल ठिपके, एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला एक. आणखी मोठं केल्यावर ठिपक्यांत रेषा दिसल्या. बोटांच्या पेरांवर असतात तशा बारीक, वळत गेलेल्या.

"आलं का नीट?" सरांनी विचारलं.

"आलं, सर."

तिला वाटलं, झाकण लावताना आपलीच बोटं मध्ये आली असावीत. तिने पुढचं नाणं घेतलं आणि झाकण लावल्यावर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली.

काचेवरील वस्तू : ५

त्या दुपारी बारा नाणी झाली. बाराही चित्रांत ती बोटं होती. नाणं जसं बदलेल तशी ती जरा इकडेतिकडे व्हायची, पण नाण्याची कड सोडायची नाहीत. अश्लेषाने प्रोग्रॅमला सांगितलं, सर्वांत गोल वस्तू ठेव, बाकीच्या काढून टाक. तेवढ्याने काम भागलं. यादीतली चित्रं स्वच्छ दिसायला लागली.

३

ती हिशोबी डोक्याची बाई होती. तिने स्कॅनर उघडून आतली काच पुसली. वायर बदलली. एका ओळखीच्या दुकानातून दुसरा स्कॅनर दोन दिवसांसाठी आणला. त्यातही पाच. दुसऱ्या स्कॅनरवर तिने आपलं रेशनकार्ड ठेवून पाहिलं, ते बोटांशिवाय स्वच्छ आलं. सरांचं नाणं ठेवलं की बोटं यायची.

मग तिने मोजलं. चित्रातल्या किती पिक्सेलचा एक मिलिमीटर होतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. शिवराईचा व्यास प्रोग्रॅमने अचूक दिला होता, म्हणजे मापात चूक नव्हती. तर्जनीच्या टोकाची रुंदी आली नऊ मिलिमीटर. तिने आपलं बोट पट्टीवर धरलं. चौदा. सरांचं तर अठराच्या वर असेल.

नऊ म्हणजे लहान मूल. या घरात मूल नव्हतं.

आणखी एक गोष्ट होती. त्या पेरांवर उभ्या सुरकुत्या होत्या, धुणं धुऊन उठल्यावर बायकांच्या बोटांना पडतात तशा.

त्या दिवशी निघताना ती मुद्दाम स्वयंपाकघराकडून गेली. ग्रेसी मासे साफ करत बसली होती.

"आंटी, सर नाणं ठेवताना 'धर' म्हणतात, ते कुणाला?"

ग्रेसीचे हात थांबले. तिने ते धुतले, पदराला पुसले.

"ज्युलीला," ती म्हणाली. "आमची मुलगी. ह्याचा हात तेव्हापासूनच थरथरायचा. भिंगातून बघायचं तर नाणं स्थिर नको? ती धरायची. सहा वर्षांची होती, पण तासभर बसली तरी हात हलायचा नाही."

"मग?"

"खिडकीतून गवत दिसतं ना तुला, तिथे बावखल होतं. वाडीला पाणी घालायचं तळं. एकोणसत्तर साली मे महिन्यात त्यात गेली ती. नऊ वर्षं पुरी झाली होती. बावखल आम्ही नंतर बुजवलं." तिने पुन्हा सुरी हातात घेतली. "ह्याने नाणी बंद केली नाहीत, आणि 'धर' म्हणायचंही बंद केलं नाही. मी त्या खोलीत जात नाही, बाई."

४

पुढच्या मंगळवारी १९७०मध्ये मिळालेल्या नाण्यांचा खण आला. अश्लेषा मनाशी म्हणाली, आता बोटं असणार नाहीत. ही नाणी त्या मुलीने पाहिलेलीच नाहीत. तिला सुटका झाल्यासारखं वाटत होतं, आणि आपल्याला वाईटही वाटतंय हे तिच्या लक्षात आलं.

सर म्हणाले, "धर." दिवा गेला, आला.

काचेवरील वस्तू : ५

तिने मोजलं. दहा मिलिमीटर.

१९७२. अकरा. १९७५ला मिळालेल्या भोकाच्या पैशाशेजारी बारा. ७८च्या एका नाण्याच्या चित्रात तर्जनीला कापल्याची ताजी खूण होती. पुढच्या सहा नाण्यांत ती हळूहळू मिटत गेली आणि नुसती रेघ उरली. ८०मध्ये तेरा. नाणी सरांनी ज्या क्रमाने मिळवली त्याच क्रमाने ती काचेवर येत होती, आणि कुणीतरी त्या क्रमाने मोठं होत होतं. शाळा संपण्याच्या वयाचं, मग लग्नाच्या वयाचं. पेरं भरत गेली, रेषा खोल झाल्या. ओल्या सुरकुत्या मात्र तशाच राहिल्या.

अश्लेषा ही सगळी बोटं कापून टाकत होती. आचोळ्याला परत जाताना तिला एक विचार सारखा छळायचा. हे पाहणारी जगात आपण एकटीच आहोत. ज्याने पाहायला हवं त्याला दिसत नाही, आणि जिला दिसेल ती खोलीत येत नाही. विघ्नेशला तिने सांगून पाहिलं. तो म्हणाला, "जुना स्कॅनर आहे, आधीच्या चित्राची सावली राहत असेल." तिने मान हलवली. सावली वाढत नाही, हे ती बोलली नाही.

शेवटी सरांनीच विचारलं. नोव्हेंबर संपत आला होता.

"अश्लेषा, हल्ली मी नीट आलं का म्हटलं की तू उत्तर द्यायला वेळ लावतेस. काय दिसतं तुला?"

तिने सांगितलं. शिवराईपासून ते त्या दिवसाच्या नाण्यापर्यंत सगळं. सांगताना तिचाच आवाज तिला खोटा वाटत होता. सर ऐकत होते. बाराची घंटा झाली, पण त्यांनी हात हलवला नाही.

"किती मोठा झालाय?" त्यांनी विचारलं.

"काय, सर?"

"हात."

"बोटाची रुंदी तेरा मिलिमीटर. थोडी जास्तच."

सरांनी अंगठा आणि तर्जनी हवेत धरली, मधलं अंतर कमीजास्त केलं आणि तिच्यापुढे आणलं. तिने पट्टी लावून पाहिली. बरोबर तेरा होतं. ते अंतर तसंच धरून सर बराच वेळ बसून राहिले.

५

डिसेंबरात काम अडलं.

बोटं आता कडेला राहीनात. ८८च्या खणापासून ती नाण्यावर येऊ लागली. आधी नखाएवढा भाग झाकला जायचा, मग साल दिसेनासं झालं, मग अर्धं नाणं. प्रोग्रॅम वस्तू मोजायचा आणि एकच सांगायचा, कारण नाणं आणि बोटं वेगळी काढता येत नव्हती. अश्लेषा तेच नाणं पाचपाचदा ठेवायची. दर वेळी मूठ थोडी अधिक आवळलेली.

"शाळेत जायचंय नाण्यांना, म्हणून असेल," सर म्हणाले. ते शांतपणे बोलत होते, पण त्यांच्या गालावर लाली चढली होती. आता ते सकाळी नऊपासूनच खोलीत येऊन बसायचे. ग्रेसी सांगायची की जेवायला हाक मारली तरी उठत नाहीत. टेबलावर हात पालथा ठेवून बसतात.

"सर, मग शाळेला नाही म्हणून सांगू या का?"

"शब्द दिलाय. आणि मी गेलो की ग्रेसी एकटी ह्या कपाटाशेजारी राहील, ते मला नको." मग ते म्हणाले, "शेवटची वीस नाणी राहू दे. त्यांची चित्रं नकोत. मला एकच चित्र हवंय."

"कुठल्या नाण्याचं?"

"नाण्याचं नको."

६

तो जानेवारीतला गुरुवार होता. ऊन खिडकीतून टेबलापर्यंत आलं होतं आणि बाहेर कुणीतरी नारळ पाडत होतं. मधूनमधून धप्प असा आवाज व्हायचा. अश्लेषाने स्कॅनरचं झाकण उघडं ठेवलं. सरांचं मनगट धरून हात काचेवर नेला. त्यांनी बोटं पसरून तळवा टेकवला. त्यांचा हात नेहमीप्रमाणे थरथरत होता.

"धर," ते म्हणाले.

थरथर थांबली. अश्लेषाने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. काचेवर सरांच्या हाताखेरीज काही नव्हतं, आणि तो हात दगडासारखा स्थिर झाला होता.

तिने बटण दाबलं. दिवा सरकू लागला, चित्र उतरू लागलं. आधी सरांच्या बोटांची जाड टोकं आली. मग त्यांच्या बोटांच्या मधून दुसरी बोटं. चार, आणि पलीकडून अंगठा. घट्ट गुंतलेली. तर्जनीवर रेघ.

"काय आलं?"

"तुमचा हात, सर. आणि तिचा."

"थांबू नकोस."

तळवा उतरला, मनगट उतरलं. झाकण उघडं असल्याने त्याखाली सगळा अंधारच यायला हवा होता. पण अंधारात काहीतरी फिकट दिसायला लागलं. एक गोलाई. ती हनुवटी आहे हे कळायला अश्लेषाला दोन-तीन पट्ट्या जाव्या लागल्या. चेहरा उलटा येत होता. मग खालचा ओठ आला. मग तोंडातला काळोख. ओळीमागून ओळ उतरत होती आणि काळोख संपत नव्हता, वरचा ओठ येतच नव्हता. तोंड इतकं उघडं कसं असू शकतं, असं तिला वाटलं, आणि त्याच क्षणी तिच्या बोटाने रद्द करायची कळ दाबली.

घरघर थांबली. पडदा पांढरा झाला.

"बंद का केलंस?" सर म्हणाले.

तिने खुर्ची टेबलापासून मागे सरकवली.

"चेहरा आला होता का?"

"येत होता."

"कशी दिसते गं आता?"

ती चाळीस वर्षांची बाई कशी दिसते हे त्या खोलीत फक्त अश्लेषा सांगू शकली असती, आणि तिने चेहरा पुरा पाहिला नव्हता. अश्लेषाने पुन्हा बटण दाबायला हात नेला. तिने तो मागे घेतला. सरांचा हात अजून काचेवरच होता. तिने तो उचलायचा प्रयत्न केला, पण उचलला गेला नाही.

"सर, हात काढा."

"तिने नाही धरलेलं," ते हळू म्हणाले. "मीच सोडत नाहीये."

दारात कप फुटल्याचा आवाज झाला. ग्रेसी उंबऱ्यावर उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. मग तिने पाय आत टाकला, एकतीस वर्षांनी. फुटक्या कपाकडे न बघता ती टेबलाशी आली आणि खाली गुडघ्यांवर बसली. आपल्या बोलीत ती नवऱ्याशी बोलत राहिली. अश्लेषाला त्यातला एखादाच शब्द कळला. नंतर ग्रेसीने त्यांचं एक एक बोट काचेवरून सोडवलं. प्रत्येक बोट उचलल्यावर ती थांबायची, जसं काही तिथे आणखी एक बोट सोडवायचं आहे.

हात मोकळा झाला तेव्हा सर रडत होते. त्यांच्या पाचही बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती. काच कोरडी होती.

७

त्यानंतर अश्लेषाने वीसच्या वीस नाणी एका दुपारी काचेवर ठेवून घेतली. सर दुसऱ्या खोलीत निजले होते आणि कुणी 'धर' म्हणत नव्हतं. वीसही वेळा खाली १ हाच आकडा आला. कापून काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. शेवटच्या नाण्यानंतर तिने रिकामी काच तीनदा तपासली, आणि तीनदा कोरा पांढरा चौकोन आला.

सोमवारी शाळेची माणसं कपाट घेऊन गेली. सव्वीस जानेवारीला मुलांनी रांगेत येऊन नाणी पाहिली. कॉम्प्युटरवर नाव टाइप केलं की चित्र यायचं, त्याचं सगळ्यांना कौतुक वाटलं. सरांना हार घातला. ते दोन वाक्यं बोलून बसले.

दुसऱ्या दिवशी अश्लेषा आपलं सामान न्यायला गिरीजला गेली. सर व्हरांड्यात होते. तिने निरोप घेतला, तेव्हा त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि लगेच सोडून दिला. चेहऱ्याविषयी त्यांनी पुन्हा कधीच विचारलं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

ग्रेसी फाटकापर्यंत आली. रिक्षात सगळं चढवून झाल्यावरही ती तिथून हलेना.

"तू तोंड पाहिलंस तिचं," ती म्हणाली. "हसत होती का?"

तो खालचा ओठ, त्याच्यावरचा न संपणारा काळोख अश्लेषाच्या डोळ्यांपुढे होता.

"हो, आंटी," ती म्हणाली. "हसत होती."

ग्रेसीने मान हलवली. "लहानपणी ती हसायची ना, तर अख्खं तोंड उघडायची. मी ओरडायचे तिला, माशी जाईल म्हणून." तिचा चेहरा थोडा उजळला. "तसंच ना?"

"तसंच."

रिक्षा सुरू झाली. केळीच्या वाड्या मागे पडल्या. ग्रेसी म्हणाली तसंच असेल, हसणंच असेल, असं अश्लेषा स्वतःला सांगत राहिली. स्कॅनर तिच्या मांडीवर होता. आचोळ्याला पोचेपर्यंत तिने त्याचं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं.